मागचा जिना पुढे आणताना

"तुम्ही नक्की काय करता?" या प्रश्नाचं सरळ उत्तर मी गेली तीसएक वर्षं देत आले आहे, आणि ते पहिल्या फटक्यात कुणालाही कळलेलं नाही. "इमारत बांधायच्या आधी तिच्या सुरक्षेचा विचार करते," असं मी म्हणते. त्यावर आमच्या कोलकात्याच्या गणेशोत्सवात भेटणाऱ्या बायका विचारतात, "म्हणजे वॉचमन पुरवता का?" शेजारच्या फ्लॅटमधले बंगाली काका मला अजूनही कॅमेऱ्यांची दुकानदारीण समजतात. माझ्या मुलाने तिसरीत असताना शाळेच्या निबंधात लिहिलं होतं, की माझी आई चोरांचा अभ्यास करते आणि मग घरं काढते. बाईंनी त्याखाली लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं होतं. खरं तर आजवर माझ्या कामाचं इतकं बरोबर वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

काम साधं आहे. कुणी नवं रुग्णालय, बँक, शाळा, गोदाम बांधायला काढलं की आर्किटेक्ट आराखडा काढतो. तो आराखडा अजून पेन्सिलीत असताना मला बोलवावं, अशी माझी अपेक्षा असते. मी तिथे जाऊन विचारते, या इमारतीत जपण्यासारखं काय आहे? ते कुणाला हवं असेल? तो माणूस कुठून आत येईल, कुठून बाहेर पडेल, आणि वाटेत त्याला कोण कोण पाहील? या उत्तरांवरून दारं, जिने, खिडक्या, बसायच्या जागा इकडच्या तिकडे होतात. कॅमेरे आणि कुलपं सगळ्यांत शेवटी येतात. कागदावरची भिंत सरकवायला खोडरबर पुरतो. तीच भिंत विटांची झाली की घण लागतो, आणि घण उचलायला मालक कधीच तयार नसतो.

माझा जन्म इथलाच. वडील खिदिरपूरच्या गोदीत एका जहाज कंपनीच्या कचेरीत होते. मी ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा केला आणि एका इंजिनिअरकडे नकाशे काढत होते. तिथून मला उचललं ते कर्नलसाहेबांनी. मूळचे साताऱ्याकडचे, लष्करात इंजिनिअर. फोर्ट विल्यममधली शेवटची नेमणूक संपल्यावर ते परत गेलेच नाहीत. भवानीपूरला दोन खोल्या घेऊन त्यांनी हा सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला आणि त्यांना नकाशा वाचणारं माणूस हवं होतं. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यांनी बाकीचे प्रश्न विचारलेच नाहीत. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर एका बँकेचा आराखडा टाकून म्हणाले, "उज्ज्वला, यावर बोट ठेव आणि आत शिर. आधी चोर म्हणून शिर, मग झाडूवाली म्हणून, मग गुडघे दुखणारी म्हातारी म्हणून. जिथे अडशील तिथे मला सांग." संध्याकाळपर्यंत मी त्या बँकेत नऊ वेळा शिरले होते. चोराला कुठे अडायला झालं नाही, म्हातारी मात्र तीन ठिकाणी अडली. कर्नलसाहेब खूश झाले. म्हणाले, "बहुतेक इमारती अशाच असतात."

अभिमानाच्या गोष्टी सांगण्याआधी एक बोचणारी गोष्ट सांगून टाकते, म्हणजे माझं मन मोकळं होईल.

कर्नलसाहेब गेल्यानंतर मी एकटी काम पाहू लागले, तेव्हाची ही गोष्ट. सियालदहजवळ घाऊक कापडाची एक नवी बाजार-इमारत उभी राहत होती. मला बोलावलं तेव्हा भिंतींना गिलावा होऊन फरश्या बसत होत्या. मालाची लिफ्ट एका कोनाड्यात उघडत होती, आणि मुख्य दाराशी बसणाऱ्या दरवानाला तो कोनाडा दिसत नव्हता. मध्ये हातभर भिंत आडवी येत होती. मी मालकाला म्हटलं, "ही भिंत काढा."

"मॅडम, फरशी लागलीय," तो म्हणाला. "तिथे एक कॅमेरा लावू."

मी अहवाल दिला. भिंतीचा मुद्दा अकराव्या पानावर लिहिला आणि सही केली. इमारत सुरू होऊन काही महिने झाले असतील. ऐन दुपारी, गिऱ्हाइकांची झुंबड असताना, त्या कोनाड्यातून कापडाचे गठ्ठे हमालांच्या डोक्यावरून निघून गेले. कॅमेऱ्यात पाठी दिसत होत्या. त्या बाजारात दिवसभर अशा शेकडो पाठी ये-जा करतात. मालकाने रामाशीष नावाच्या दरवानाला कामावरून काढलं. मी जाऊन सांगितलं, "त्याच्या खुर्चीवरून ती जागा दिसतच नाही हो."

"मग तो उठून का गेला नाही?"

"कारण तुम्हीच त्याला खुर्ची सोडायची नाही असं बजावलं होतं."

काही उपयोग झाला नाही. रामाशीष गावी निघून गेला. जाण्यापूर्वी तो मला भेटायला आला होता, तक्रार करायला नाही, तर त्याच्या बाजूने बोलल्याबद्दल आभार मानायला. मी त्याला चहा दिला आणि माझ्याने त्याच्याकडे वर मान करून पाहवेना. अकराव्या पानावरचं ते वाक्य मी पहिल्या पानावर लिहायला हवं होतं, आणि भिंत निघेपर्यंत सही करायला नको होती. त्या दिवसापासून, भिंती उभ्या राहिल्यावर आलेलं काम घ्यायचं नाही असं मी ठरवलं. त्यामुळे बरीच कामं हातची गेली. पण जी राहिली ती मनासारखी झाली. त्यांतलं सगळ्यांत मनासारखं म्हणजे बायका-मुलांचं ते रुग्णालय.

एका जुन्या धर्मादाय संस्थेचं ते रुग्णालय सियालदहजवळच्या दाटीत, जुन्या इमारतीत चालत होतं. शहराच्या पूर्वेला त्यांना मोकळी जागा मिळाली आणि तिथे नवी इमारत बांधायचं ठरलं. प्रमुख होते डॉक्टर मजुमदार, सत्तरीचे, हळू बोलणारे. आर्किटेक्ट शुभंकर, पस्तिशीचा, हुशार आणि आपल्या हुशारीची पूर्ण जाणीव असलेला. त्याने काढलेलं पहिलं चित्र पाहून मी खरंच "वा!" म्हटलं. मध्ये झाडांचं अंगण, चारी बाजूंना गॅलऱ्या, सगळीकडे उजेड, आणि चार कोपऱ्यांना चार दारं.

"उज्जलादी, कशी वाटतेय?" त्याने विचारलं. माझ्या नावातला 'ज्ज्व' इथे कुणालाच जमत नाही.

"राहायला यावंसं वाटतंय," मी म्हटलं. "पण बाळ घेऊन पळून जावंसंही वाटतंय. इतकं सोपं केलंयस."

त्याचा चेहरा पडला. डॉक्टर मात्र सावरून बसले. कारण मुलांच्या रुग्णालयात जपण्यासारखं काय असतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. औषधं, यंत्रं पुन्हा घेता येतात.

मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. जुन्या रुग्णालयात तीन दिवस नुसतं बसू द्या. माझ्या कामाचा हा सगळ्यांत मोठा भाग असतो आणि तो कुणालाच काम वाटत नाही. मी प्रसूती वॉर्डाबाहेरच्या बाकावर वही घेऊन बसले. कोण येतं, कुठून येतं, कुणाला थांबवतात, कुणाला थांबवत नाहीत, सगळं लिहीत होते. दुसऱ्या दिवशी मीनतीमासी शेजारी येऊन बसली. ही तिथली आया. बाळंतिणींचं सगळं करायची, आणि बावीस वर्षं करत होती. डॉक्टरांनाही ती दरडावायची.

"दीदी, तू पोलीस आहेस का?" तिने विचारलं.

मी माझं काम समजावलं. तिने डब्यातलं पान काढून तोंडात टाकलं, जरा वेळ चघळलं आणि म्हणाली, "मग वहीत हे लिही. बाळ चोरणारी बाई चोरासारखी दिसत नाही. ती मावशीसारखी दिसते."

मी लिहिलं.

"आणि दरवानाचं काही खरं नाही. त्याला चुकवता येतं. त्या तिकडे बसल्यात ना, त्यांना चुकवून दाखव." तिने अंगणाकडे बोट केलं. तिथे कडुलिंबाखाली बाळंतिणींच्या आया, सासवा, नवरे, दीर डबे आणि थर्मास घेऊन बसले होते. तेवढ्यात एक कुटुंब बाळ घेऊन घरी निघालं. त्यांना फाटकापर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली. मुलगा की मुलगी, वजन किती, कुणावर गेलंय, टोपी का नाही घातली, हे प्रत्येकीला विचारायचं होतं. पांघरूण बाजूला करून बघायचंही होतं.

मला पाहिजे ते सापडलं होतं. कुठल्याही कंपनीला पुरवता येणार नाही इतकी कडक राखण या बाया फुकटात करत होत्या, आणि शुभंकरच्या आराखड्यात त्यांना तळघराशेजारी, पंख्याखालच्या एका बंद प्रतीक्षालयात बसवलं होतं.

खरा वाद झाला तो जिन्यावरून. रुग्णालयाला आगीसाठी वेगळा जिना लागतोच. त्याच्या दाराला कुलूप घालता येत नाही. आतून आडवा दांडा ढकलला की ते उघडलंच पाहिजे, कारण धुरात किल्ली शोधायला कुणाला वेळ नसतो. शुभंकरने हा जिना इमारतीच्या मागच्या अंगाला, गल्लीत उतरवला होता. तिथे कचऱ्याच्या गाड्या आणि धुण्याची गाठोडी जायची होती. सगळे आर्किटेक्ट तो असाच लपवतात.

"या दाराला कुलूप लावू, किल्ली सिस्टरकडे राहील," बैठकीत संस्थेचे एक सभासद म्हणाले.

"आणि आग लागली तर?" मी विचारलं.

"मग कुलूप नको, पण माणूस ठेवू."

"तो महिनाभर नीट बसेल. मग चहाला जाईल. चूक त्याची नसेल, रिकाम्या जिन्याकडे बारा तास बघत कुणालाच बसवत नाही." मी शुभंकरकडे वळले. "जिना पुढे आण. अंगणात उतरव, लोक बसतात तिथे."

"दर्शनी भागात आगीचा जिना?" तो जवळजवळ ओरडलाच. "उज्जलादी, लोक आत येताना काय बघतील?"

"येताना जिना बघतील. आणि त्यातून कोण उतरतंय तेही बघतील."

निर्णय पुढच्या आठवड्यावर गेला. बोलून हे पटणार नाही हे मला कळलं होतं. म्हणून मी नव्या जागेवर चुना मागवला. क्रिकेटच्या मैदानावर आखतात तसा, मोकळ्या जमिनीवर पहिल्या मजल्याचा आराखडा खऱ्या मापात आखून घेतला. वॉर्ड, खाटा, सिस्टरचं टेबल, दारं, दोन्ही जिने. सकाळी सगळ्यांना तिथे बोलावलं. मीनतीमासीला गाडी पाठवली आणि तिच्या हातात एक उशी दिली.

"मासी, हे बाळ. तुला ते चोरायचंय."

"छी छी, काय बोलतेस!" असं म्हणत तिने उशीचं डोकं नीट हातावर घेतलं.

जे जे हजर होते त्यांना मी सिस्टर, दरवान, नातेवाईक करून चुन्याच्या रेघांत उभं केलं. डॉक्टर सिस्टर झाले. शुभंकर घड्याळ घेऊन उभा राहिला. आधी त्याच्या मूळ आराखड्याप्रमाणे. मासी खाटेपासून निघाली, वळली, मागच्या जिन्यावर आली. तिथे उतरल्यासारखी तिने जागच्या जागी पावलं टाकली आणि गल्लीत, म्हणजे बांबूंच्या ढिगाजवळ, पोचली. मिनिटभरही लागलं नाही. आम्ही सगळे आपापल्या चौकटीत उभे होतो आणि तिच्याकडे तोंड असलेलं कुणीच नव्हतं.

ती तिकडूनच ओरडली, "माझ्या हातातली उशी कुणी मागितलीच नाही!"

शुभंकर घड्याळाकडे बघत राहिला. मग तो स्वतःच बादलीतला चुना घेऊन आला, पायाने जुना जिना पुसला आणि पुढच्या अंगणाच्या बाजूला नवा आखला. त्यानंतर दुपारपर्यंत आम्ही रेघा पुसत आणि काढत होतो. सिस्टरचं टेबल वॉर्डाच्या तोंडाशी आलं. त्याच्यासमोरची वाट सरळ आणि लांब झाली, म्हणजे येणारं-जाणारं माणूस दुरूनच दिसावं. चारांतली दोन दारं रद्द झाली. प्रतीक्षालय तळघराजवळून उठून अंगणात, झाडांखाली आलं. जिन्याच्या दाराला भोंगा बसला, दांडा दाबला की वाजणारा. मासी पाच वेळा उशी घेऊन निघाली आणि पाचही वेळा कुणी ना कुणी तिला हटकलं.

शुभंकरने त्या जिन्याला पुढे इतकी सुंदर जाळी दिली, की इमारतीचा फोटो काढणारे हटकून तिथूनच काढतात. श्रेय तो स्वतः घेतो. मीही घेऊ देते.

इमारत उभी राहून रुग्णालय तिथे हललं. पहिले काही महिने त्या भोंग्याने सगळ्यांना छळलं. सिगारेट ओढायला कुणी नवरा दांडा दाबायचा आणि मजलाभर बाळं रडायला लागायची. भोंगा बंद करा अशी मागणी आली. मी जाऊन ठाण मांडून बसले, दारावर मोठ्या बंगाली अक्षरांत पाटी लावून घेतली, आणि भोंगा राहिला.

दुसऱ्या वर्षीची हिवाळ्यातली एक दुपार. डॉक्टर मजुमदारांचा फोन आला. "उज्जला, सगळं ठीक आहे. पण तू ये."

वाटेत मी टॅक्सीवाल्याला दोनदा घाई करायला सांगितलं. 'सगळं ठीक आहे' असं कुणी उगाच सांगत नाही.

पोचल्यावर जे कळलं ते असं. भेटीची वेळ होती, चार वाजले होते. वॉर्डातली एक बाळंतीण आंघोळघरात गेली. परत आली तर पाळणा रिकामा. तिने किंकाळी फोडली आणि जवळजवळ त्याच क्षणी भोंगा वाजला. खाली अंगणात पन्नाससाठ माणसं बसलेली. भोंगा वाजला तशा सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. जाळीआडून एक बाई उतरताना दिसली, हातात दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी. ती शेवटच्या पायरीवर आली तोवर आज्यांचं कडं झालं होतं. ती पळाली नाही. पायरीवरच बसली.

मीनतीमासी नळावर फडकी धूत होती. ती ओले हात पुसत पुढे झाली. लोकांनी आरडाओरडा सुरू केला होता, एकाने हात उगारला होता. मासीने त्याला एका शब्दात गप्प केलं आणि त्या बाईच्या शेजारी बसली. बाळ हिसकावून घेतलं नाही. फक्त त्याच्या मानेखाली आपला हात सरकवला. जरा वेळाने त्या बाईने स्वतःच हात सैल केले.

बाळ आईजवळ परत गेलं तेव्हा किंकाळीला पाच मिनिटंही झाली नव्हती. त्याला जागसुद्धा आली नव्हती.

मी पोचले तेव्हा डॉक्टरांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. शुभंकरही आला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मागची गल्ली असती तर," एवढंच तो म्हणाला. मी खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तसा आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटला नाही. आमच्या धंद्यात यश म्हणजे काहीही न घडणं. ते कुणाला दिसत नाही, आम्हालाही दिसत नाही. मला ते त्या दिवशी दुपट्यात गुंडाळलेलं, झोपलेलं दिसलं.

मग मी विचारलं, "ती बाई कोण?"

तिला मेट्रनच्या खोलीत बसवलं होतं. मी तिचं नाव लिहीत नाही. वय पंचविशीचं असेल. अंगावर शाल, हातात घडी केलेला कागद. तो घरी सोडल्याचा कागद होता. ती बाहेरून आलेली नव्हतीच. चार दिवसांपूर्वी त्याच वॉर्डात तिची प्रसूती झाली होती. मूल मृत जन्मलं होतं. चार दिवस ती, रिकाम्या हातांनी, पाळण्यांच्या रांगेत पडून होती. त्या दुपारी नवरा खाली औषधं आणायला गेला होता आणि तिला घरी जायचं होतं.

मी तिच्यासमोर बसले. तीच आधी बोलली.

"मी पळत नव्हते. तिला थंडी वाजत होती. मी उन्हात नेत होते."

मी पाणी पुढे केलं. ते तिने घेतलं.

पोलिसांतल्या एक बाई आल्या, जबाब झाले. बाळाच्या घरचे फार संतापले होते आणि त्यांचं चूक होतं असं मी कशी म्हणू? तक्रार द्यायचीच असं त्यांचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या आईनेच ती अडवली. डॉक्टरांसमोर, मी तिथे असताना, ती म्हणाली, "ती माझ्या शेजारच्या खाटेवर होती. माझं बाळ रडलं की ती कूस बदलायची. चारही दिवस मी बघत होते आणि एक शब्द बोलले नाही. तक्रार नको. तिला घरी जाऊ दे." ती बाई घरी गेली. तिच्याशी बोलायला दर आठवड्याला एक डॉक्टरीणबाई जातील अशी व्यवस्था मजुमदारांनी केली, आणि ती पुष्कळ दिवस चालली असं मला मासीने सांगितलं.

त्यानंतरच्या बैठकीत सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. सभासदांनी गुच्छ दिला. मी तो घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "या इमारतीत एक चूक आहे आणि ती माझी आहे."

मी तीन दिवस त्या जुन्या वॉर्डाबाहेर बसले होते. येणारे-जाणारे मोजले होते. धोका दारातून आत येणार असं मी धरून चालले होते आणि सगळी दारं त्याप्रमाणे हलवली होती. जिचं मूल गेलं त्या बाईला आपण कुठे झोपवतो, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. बाळांना तिच्यापासून जपायला नको होतं. तिलाच त्या पाळण्यांपासून जपायला हवं होतं. तिच्या वेगळ्या खोलीची एकच रेघ काढली असती तर तीही जपली गेली असती आणि बाळंही.

"आता काय करता येईल?" डॉक्टरांनी विचारलं.

"खोली हवी. वेगळ्या मजल्यावर, जिथे बाळांचं रडणं ऐकू येत नाही. खिडकी हवी. नवऱ्याला, आईला सोबत राहता आलं पाहिजे."

शुभंकरने तिथल्या तिथे नकाशा पसरला. वरच्या मजल्याच्या टोकाला चादरींचं कोठार होतं. त्याच्या भिंतीपलीकडे शिरीषाचं झाड होतं, पण भिंतीला खिडकी नव्हती. भिंती उभ्या राहिल्यावर काम घ्यायचं नाही हा माझा नियम मी त्या दिवशी मोडला. पुढच्या सोमवारी घण आला. विटा पडत होत्या तेव्हा मी आणि शुभंकर दोघंही नाकाला रुमाल लावून तिथे उभे होतो. चादरी खाली गेल्या आणि खोली झाली. दोन खाटा, एक आरामखुर्ची, झाडाकडे उघडणारी खिडकी. कॅमेरा लावायचा का, असं कंत्राटदाराने विचारलं. शुभंकर माझ्या आधी "नाही" म्हणाला.

मी आता निवृत्त आहे. गुडघ्यांमुळे जागेवर जाणं होत नाही, पण घरी येणाऱ्या नकाशांवर बोट ठेवून अजून फिरते. कुणी विचारलंच तर सांगते, की भरपूर बँका केल्या, शाळा केल्या, एका तुरुंगाच्या दवाखान्याचं कामही केलं. पण सांगायची वेळ येते तेव्हा मी त्या जिन्याबद्दल सांगते, आणि ऐकणारा थांबला तर त्या खोलीबद्दलही.

गेल्या महिन्यात शुभंकर घरी आला. त्याचेही केस पांढरे झालेत. जिल्ह्याच्या गावी एक प्रसूतिगृह बांधायचं काम त्याला मिळालंय. त्याने जेवणाच्या टेबलावर आराखडा पसरला, अजून पेन्सिलीतला. मी चष्मा लावला, खुणा करायला पेन्सिल घेतली आणि बोट आत शिरवलं. सिस्टरचं टेबल बरोबर जागी होतं. वाट सरळ होती. जिना पुढच्या अंगणात उतरत होता. मी वर गेले. टोकाला एक खोली होती, खिडकीसकट. तिच्यावर नाव लिहिलेलं नव्हतं, आणि संस्थेने दिलेल्या खोल्यांच्या यादीतही ती नव्हती.

"ही कुणी मागितली?" मी विचारलं.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "सगळ्यांत आधी हीच काढली. मग बाकीची इमारत तिच्या भोवती बसवली."

मी पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठले.